सात पाण्यांचा मका

ज्या देशात गुरंढोरं खाऊन मका उरतो, त्या देशात मला मोड येईल असा मूठभर मका मिळेना.

एकोणीसशे पंच्याऐंशी साल. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी मुलाकडे, प्रतापकडे, चार महिन्यांसाठी म्हणून परदेशात, चँडलरला आलो होतो. ऊन आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला असतं तसंच. सावलीला झाड मात्र नाही. दुसऱ्याच महिन्यात आमच्या ह्यांना घास उतरेना झाला. प्रतापने डॉक्टरकडे नेलं तर अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, कापण्यात अर्थ नाही आणि इतका लांबचा विमानप्रवास सोसणार नाही. मग हॉलशेजारच्या खोलीत खाट लावली आणि आम्ही वाट बघायला लागलो. कशाची, ते घरात कोणी बोलत नव्हतं.

ह्यांनी एकच मागितलं. "घरची हवी. तुझ्या हातची. मक्याची. दोन घोट."

प्रतापने दुकानातून उंची बाटली आणली, सोनेरी अक्षरांची. ह्यांनी बोट बुडवून चाटलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

माझ्या हातची दारू आमच्या तालुक्यात माहीत होती. मी हे लपवत नाही, प्रताप लपवतो. त्याच्या कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यातले लोक जेवायला आले की सांगतो, आईचा दुधाचा धंदा होता. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हो तर. आमची म्हैस भट्टीवर चढवल्याशिवाय दूधच द्यायची नाही." तेव्हापासून पाहुणे आले की मला टीव्हीपुढे नेऊन बसवतात.

मी भट्टी लावायचं म्हणाले तसा तो पांढराफटक पडला.

"आई, इथे घरी दारू काढणं इल्लीगल आहे. जेल होते. माझं ग्रीन कार्ड अजून यायचंय, यार!"

"आईला यार म्हणतोस? आणि तिकडे काय सरकारने मला बक्षीस दिलं होतं? फौजदार पुढच्या दारातून आत यायचा आणि तू मागच्या दारात बसून गणितं सोडवायचास. तेव्हा नाही आठवला कायदा?"

तो कामावर निघून गेला. गाडीची किल्ली काढली ती सुनेने. सीमा पुण्याची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिच्या माहेरी दारू खोकल्याच्या औषधात असेल तेवढीच. माझं नि तिचं पटत होतं असं कोणी म्हणणार नाही. पण तिने विचारलं, "किती मका लागेल, आई?" मी म्हटलं, "दोन पायली." ती म्हणाली, "पौंडात सांगा." पौंड मला येत नव्हते आणि पायली तिला. मी धुण्याच्या बादलीकडे बोट दाखवलं.

लोकांना वाटतं दारू काय, साखर-गूळ नासवला की झाली. तशीही होते. ती पिऊन माणूस भांडतो आणि सकाळी ओकतो. आमच्या घरची रीत दाण्याची. दाणा भिजवायचा, ओल्या गोणपाटाखाली झाकायचा, मोड येऊ द्यायचा. मोड आला की दाण्यात गोडी उतरते. त्या गोडीचीच पुढे सगळी करामत. म्हणजे दाणा जिवंत पाहिजे. मेलेल्या दाण्याचं पीठ होतं, दारू होत नाही.

मोठ्या दुकानात मका होता तो डब्यात, नाहीतर बर्फात. लाह्यांचा मका मिळाला. तो तीन दिवस ओल्या फडक्यात ठेवला. शंभरातल्या चारांना डोळा फुटला, बाकीचे आंबले. मेक्सिकन बायकांच्या दुकानात टपोरा पांढरा मका दिसला म्हणून मी हरखले, तर तो चुन्यात उकळून सोललेला. तिथल्या म्हातारीने माझ्या हातातला दाणा घेऊन दाताखाली धरला, मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. तिची भाषा मला येत नव्हती, तरी मला ती सीमापेक्षा लवकर कळली. पेरायचा असेल तर हा नको, असंच म्हणाली असणार.

मग सीमाने मला गुरांच्या खाद्याच्या दुकानात नेलं. तिथे मका पोत्यांनी रचलेला. पिवळाधमक, स्वच्छ, एक खडा नाही. टोपीवाल्या दुकानदाराने कशाला हवा विचारलं. सीमा पटकन म्हणाली, "कोंबड्यांना." मग गाडीत बसून मला म्हणाली, "आई, मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले." मी म्हटलं, "माझ्याकडे राहिलीस की हात बसेल." ती हसली. तेवढंच आमचं हसणं त्या उन्हाळ्यातलं.

तो मका तीन दिवस भिजला. एक मोड नाही. चौथ्या दिवशी गोणपाट उचललं तर बुळबुळीत लगदा, आणि वास असा की सीमा नाक धरून पळाली. तिने दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, हा मका यंत्रात गॅसच्या आचेवर वाळवलेला असतो. टिकायला बरा, पण आतला कोंब मरतो. उगवणारा हवा असेल तर पेरणीचं बी घ्या.

इकडे ह्यांना पाणीही चमच्याने द्यावं लागत होतं. मी खोलीत गेले की डोळे उघडायचे आणि भुवई उचलायचे. झाली का? मी म्हणायची, "होतेय. दाणाच हरामखोर आहे इथला."

पाचव्या दिवशी सीमाने गावाबाहेरचा एक गोठेवाला शोधला. गायींसाठी मका पेरायचा, पेरून उरलेलं अर्धं पोतं शेडमध्ये पडलेलं. सीमाने परसात पेरायचा म्हणून सांगितलं. त्या म्हाताऱ्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत. उन्हाने सीमाचं डोकं चढलं होतं म्हणून ती गाडीत जाऊन बसली. पोत्याचं तोंड दुमडलेलं होतं. ते उचलून गाडीत ठेवलं मीच.

घरी गॅरेजमध्ये पोतं उघडलं. मका गुलाबी होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी पोरांचे कान असतात तसा.

मला हा रंग माहीत होता. बाहत्तरच्या दुष्काळात आमचे हे तालुक्याच्या बियाण्याच्या गोदामात हमाल होते. पाऊस नाही म्हणून पेरणी नाही, पेरणी नाही म्हणून गोदामात बियाणं पडून. एका संध्याकाळी ते मक्याचं एक पोतं पाठीवर घेऊन घरी आले. असाच गुलाबी मका. ते म्हणाले, "ह्याला पावडर लावलीय. चालेल का?" मी म्हटलं, "धुतली की जाते पावडर. घरच्या ज्वारीला किड्यांची पावडर लावतो ती काय आपण खातो? सात पाण्यांनी धुते." सात पाण्यांनी धुतला. सातवं पाणी नितळ निघालं. दुसऱ्या दिवशी वाळवला, जात्यावर दळला. पहिली भाकरी आमच्या मुलीला, कांचनला दिली. चार वर्षांची होती. प्रताप तेव्हा धुळ्याला वसतिगृहात होता. आम्ही दोघं संध्याकाळी खाणार होतो, कारण दिवसातून एकदाच खायचो.

कांचन दुपारी ओकायला लागली. तिसऱ्या दिवशी गेली. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, हगवण आहे, गावोगाव पोरं जातायत. जातच होती. मी तेच धरलं. उरलेलं पोतं हे कुठे घेऊन गेले ते मी विचारलं नाही. कांचनचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. आणि त्यानंतर हे रोज प्यायला लागले, माझ्याच भट्टीची.

गॅरेजमध्ये गुलाबी मक्यासमोर मी उभी राहिले. हे सगळं मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. हगवण होती. कंपाउंडर शिकलेला माणूस होता.

मी मका धुतला. सात पाण्यांनी. सीमाच्या कपडे धुवायच्या टबात पहिलं पाणी डाळिंबासारखं निघालं, सातवं नितळ. हात मात्र रंगले, नखांच्या कडांत बसला रंग. भिजत घातला, गोणपाटाखाली झाकला. त्या उकाड्यात दुसऱ्याच सकाळी पांढरे डोळे फुटले. एकूण एक दाण्याला! मी मूठभर ओंजळीत घेऊन खाटेपाशी गेले आणि ह्यांच्या नाकापाशी धरले. मोडाचा वास कच्च्या काकडीसारखा. त्यांनी डोळे मिटूनच तो वास ओढला आणि चेहरा सैल सोडला. महिनाभरात तसा चेहरा पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मोड बोटाच्या पेराएवढे झाले. आता वाळवायचे, मग भरडायचे. सीमाचा मोठा कुकर मी हेरून ठेवला होता. तेवढ्यात ती धुणं घेऊन गॅरेजमध्ये आली.

"आई, टबाला हा कसला डाग?"

"मक्याचा. निघेल."

तिने गोणपाट उचलून पाहिलं. मग कोपऱ्यातलं रिकामं पोतं उलगडलं. तोंडाशी शिवलेली चिठ्ठी होती. ती वाचली, परत वाचली.

"आई, ह्याला विष लावलंय. माणसांना नाही, जनावरांनासुद्धा द्यायचं नाही असं लिहिलंय. हे बघा, चित्र आहे."

"ठाऊक आहे. मी धुतलंय. सात पाण्यांनी."

"ते धुऊन जात नाही."

"तुझ्या लॅबमध्ये जात नसेल. सातवं पाणी काचेसारखं होतं."

सीमा तेव्हा आवाज चढवून बोलली असती तर मी भांडले असते. ती हळू बोलली. "आई, हे धुऊन जावं म्हणून लावतच नाहीत. पेरल्यावर ओल्या मातीत, पावसात टिकावं म्हणून लावतात. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते गेलं असं होत नाही. इथलं त्यातल्या त्यात सौम्य. तिकडे पूर्वी काय काय लावायचे, देव जाणे."

मी त्या टबाच्या काठावर बसले. पावसात टिकावं म्हणून. ही गोष्ट तर मला कळायला हवी होती. सगळा जन्म शेतांच्या बांधावर गेला. त्यासाठी इंग्रजी लागत नव्हतं, लॅब लागत नव्हती.

"काय झालं? पाणी देऊ?" सीमा म्हणाली.

"नको. पाणी पुष्कळ झालं."

मी तशीच ह्यांच्या खोलीत गेले. दार लावलं. दोन्ही हात त्यांच्या तोंडासमोर धरले. त्यांनी नखांकडे पाहिलं.

"त्या पोत्याला चिठ्ठी होती का?" मी विचारलं.

कुठलं पोतं, असं त्यांनी म्हटलं नाही. तेरा वर्षं झाली होती, तरी म्हटलं नाही.

"होती."

"काय होतं तिच्यावर?"

त्यांनी दोन बोटं उचलून एकावर एक फुली केली.

मी दुसरी पास आहे. पण कवटी आणि फुली कळायला दुसरी पास व्हावं लागत नाही. ती चिठ्ठी मी पाहिली असती तर जात्याला हात लावला नसता.

"कुठे गेली ती?"

"फाडली." एकेका शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "गोदामाचं नाव होतं तिच्यावर. पकडलं असतं तर नोकरी गेली असती."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू म्हणालीस, धुतलं की जातं."

म्हणाले होते. तोऱ्यात म्हणाले होते. ते खोटं म्हणता येईना.

"उरलेलं पोतं कुठे टाकलंत?"

ते छताकडे बघत राहिले. मी खाटेची कड धरून वाकले. "कुठे टाकलंत, अहो?"

"परत ठेवलं. तपासणी होती."

"चिठ्ठी नसलेलं?"

त्यांनी डोळे मिटले.

"कोणी नेलं मग ते?"

त्या साली आमच्या भागात पोरं गावोगाव जात होती, हे कंपाउंडर बोलला होता. त्यातली सगळीच हगवणीने गेली असतील. मी तसं म्हणू शकते. म्हणून पाहिलं आहे.

त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. "अगं, मोड आलेत ना? त्याचीच काढ. मला आता काय व्हायचंय? दोन घोट दे."

बरोबरच होतं त्यांचं. मरणाऱ्याला विषाची भीती कसली. कदाचित त्यांना तेच हवं होतं, त्याच मक्याचं, माझ्या हातून. घेऊन डोळे मिटले असते आणि त्यांच्या जिवाला वाटलं असतं की आता बरोबर झालं. माझं ओझं मी कुठे घेऊन जायचं होतं?

"नाही," मी म्हटलं. "एकदा ह्या हातांनी दिलं. पुन्हा नाही."

ते आणखी नऊ दिवस होते. पहिले दोन दिवस बोलून मागितलं. मग आवाज गेला, तेव्हा भुवई उचलून मागितलं. मी चमच्याने पाणी देत राहिले आणि ते पीत राहिले. खोलीतून मी हलले नाही, हेही सांगते. शिवी दिली नाही आणि माफही केलं नाही. एका दुपारी त्यांचे ओठ हलले. मी कान नेला तर कांचनचं नाव. मी म्हटलं, "ऐकलं."

मका सीमाने रबरी मोजे घालून काळ्या पिशव्यांत भरला आणि कुठे नेऊन द्यायचा असतो तिथे देऊन आली. पिशवीतूनही मोड टोचत होते, एवढे वाढले होते. मला एका शब्दाने तिने विचारलं नाही. खोलीचं दार पातळ आहे आणि त्या दिवशी ती बाहेरच होती, एवढंच मी जाणते.

दहाव्या दिवशी सकाळी ते गेले. प्रताप खाटेच्या पायथ्याशी बसून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "आई, मीच तेव्हा नको म्हणालो. त्यांचे दोन घोट राहून गेले. तू काढली का नाहीस ग? माझं ऐकलंस कधी, म्हणून हेच ऐकलंस?"

त्याला बहिणीचा चेहरा आठवतो. हगवणीने गेली एवढंच त्याला ठाऊक आहे. सीमा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली, माझ्या नखांकडे.

मी हात पदरात घेतले.

"मका चांगला मिळाला नाही," मी म्हटलं.