उलट्या पिळाचं सूत

हुस्तीनाने पट्ट्याची विणलेली चार बोटं पुन्हा उसवली. नक्षीतला पक्षी फार नेटका आला होता. तिच्या लेकीच्या, मारलेनीच्या हातचा पक्षी असा कधी यायचा नाही. त्याचा एक तरी पाय वाकडा असायचाच. कमरेला बांधलेला माग सैल करून ती जरा पुढे सरकली आणि या खेपेला मुद्दाम एक धागा सोडला. पण दोन ओळी झाल्या नाहीत तोच बोटांनी तो आपसूक सावरून घेतला. जन्मभर नीट विणलेल्या बाईला वाईट विणणं साधत नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय!

पट्टा खरं तर मारलेनीने विणायचा होता. जानेवारीत सुट्टी लागली की पोरं मेंढरांमागे डोंगरात जात आणि मार्चअखेर कोरी पाटी घेऊन परतत. म्हणून शाळेच्या सेनोविया बाई घरी करायचे धडे देत आणि भर पावसात चिखल तुडवत घरोघर जाऊन तपासत. कधी मेंढरांची वजाबाकी, कधी आजीकडून ऐकलेली गोष्ट. आताचा धडा पट्ट्याचा होता: धागे मोजून नक्षी बसवायची. धडे पुरे करणाऱ्या मुलीला खालच्या गावात मोठ्या शाळेच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. मारलेनीचं नाव त्या यादीत होतं. धडे थांबले की जागा दुसरीला.

आणि मारलेनी कुस्को शहरात होती. बटाट्याला करपा लागला त्याच आठवड्यात तिची धर्ममाता, बाप्तिस्म्याला तिला हातात घेतलेली बाई, आली, "पोरीला शाळेत घालते, घरात जरा हाताखाली राहील," म्हणाली. घरधन्याने मान डोलावली. हुस्तीनाने शिदोरी बांधली. दुसऱ्या दिवशी तिने पट्ट्याचा ताणा लावला, तेव्हा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

महिनाभर उसवत-विणत तिने पक्ष्याचा पाय एकदाचा वाकडा जमवला, पट्टा पुरा केला आणि चौथ्या दिवशी बाई आल्या. टोपी झटकून चुलीपाशी बसल्या.

"कुठंय आमची हुशार पोरगी?"

"वर, अल्पाकांबरोबर. पट्टा मात्र करून ठेवलाय तिने."

"बरं झालं. खालच्या वाडीत एकजण म्हणतो, धडा कोल्ह्याने नेला. मी म्हटलं, मग कोल्ह्यालाच पास करते."

हुस्तीना हसली. जरा जास्तच हसली. बाईंनी पट्टा मांडीवर पसरला. वाकडा पाय बघून त्यांना हसू आलं. मग त्यांचं बोट काठावर थांबलं. काठाचं सूत त्यांनी चिमटीत धरून हलकेच फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

हुस्तीनाने वाकून पाहिलं. काठ उलट्या पिळाच्या सुताचा होता. डाव्या हाताने कातलेलं ते सूत दूर गेलेल्या माणसासाठी असतं. वाटेत काही बाधू नये म्हणून. घरात असलेल्या पोरीच्या पट्ट्याला ते कुणी लावत नाही. आणि आपण ते कधी लावलं, हे तिला आठवतही नव्हतं.

चुलीवर उकळी फुटली. कुणी उठलं नाही.

"मारलेनीची आई," बाई हळू म्हणाल्या, "कुठंय ती?"

"कुस्कोला. धर्ममातेकडे. शाळेत घालते म्हणाली."

"घातलं?"

"आधी दर रविवारी फोन यायचा. भांडी फार असतात म्हणायची. आता लागतच नाही."

"पत्ता?"

"दिलाच नाही तिने." बाईंनी डोळे मिटून घेतले. पट्टा मात्र त्यांनी हातातून सोडला नाही.

"मलाही असंच नेलं होतं," त्या म्हणाल्या. "शाळेत घालतो म्हणून. मी पळून आले तेव्हा आईने शाळेतली माझी जागा राखली होती, म्हणून तरले. सोमवारी मी कुस्कोला जाते. तुम्हीही चला."

"आणि नाव? यादीतून काढणार ना आता?"

बाईंनी पट्ट्याची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"धडा पुरा आहे," त्या म्हणाल्या. "पुढचा देते. सापडली की करेल ती."

हुस्तीनाने शालीच्या टोकाने डोळे पुसले, चूल फुंकली, बाईंपुढे वाटी ठेवली. मग दाराकडे, डोंगराच्या वाटेकडे बघत म्हणाली,

"जरा अवघड द्या, बाई. सोप्याने कंटाळते ती."