ज्याचा कोयता, त्याचं तापांग

माझा दीर जेलियान बिंटुलू शहरात असतो. तिथे मोठ्या हॉटेलांच्या बागा लावून देतो, त्याला तो लँडस्केपिंग म्हणतो. अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या आमच्या नदीवरच्या लांबघराची वाट त्याला कधी सापडायची नाही. सख्ख्या भावाच्या मयतीला तेवढा आला, डुकराचं मटण पोटभर जेवला आणि गेला. तोच माणूस परवा पांढरे बूट घालून होडीतून उतरला आणि ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, ते तापांगचं झाड मी घेतोय."

"घेतोय म्हणजे? बाजारातला फणस आहे का तो?"

"नदीच्या वळणावर हॉटेल होतंय. झाड मधोमध ठेवायचं, भोवती हिरवळ, खोडाला दिव्यांच्या माळा, बुंध्याशी बसायला गोल ओटा. एवढं उंच, एवढं पांढरं खोड जन्मभर पाणी घातलं तरी लावून मिळत नाही. तुम्हा लोकांना त्याचं काय?"

बुंध्याशी ओटा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. उंपांग, माझा नवरा, आग्या मोहळाचा मध काढायला त्या झाडावर चढला होता. खोडात ठोकलेली खुंटी निसटली आणि तो त्याच बुंध्याशी पडला, पुन्हा उठला नाही. तेव्हापासून मी तिकडे फिरकले नाही. रान माजलं तर माजू दे म्हटलं. मध मला नकोच होता. ती जागा कुणाच्या नजरेला पडू नये, एवढंच हवं होतं. आणि हा मेला तिथे पाहुण्यांना बिअर पाजणार!

पण आम्हा इबान लोकांची रीत त्याला बरोबर आठवत होती. तापांगला कागद नसतो. ज्याच्या कोयत्याने बुंधा मोकळा होतो, त्याचं झाड. बुंधा रानात बुडाला की हक्कही बुडाला.

"दोन वर्षं तुझा कोयता कुठे होता?" त्याने विचारलं. "उद्या सकाळी मी बुंधा मोकळा करतोय. आता ओसरीवर बोललोय, माझ्याआधी कुणी गेलं तर दंड."

मी आमच्या तुआईंकडे, म्हणजे लांबघराचे प्रमुख न्यांडांगकाकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "रीत आहे, लुयांगच्या आई," ते मला म्हणाले. "मी काय करू?"

रात्रभर मी जेलियानला शिव्या घातल्या. सकाळी त्याचा मुकादम खालच्या लांबघरातल्या बायका रोजावर घेऊन आला. मुकादम शहरातला, त्याला सगळ्या सारख्याच. मी उंपांगचा कोयता घेतला, तोंडाला फडकं गुंडाळलं, वर गवताची टोपी घातली आणि त्या बायकांत घुसले. त्यांच्यातल्या सुबांगने मला लगेच ओळखलं. "अगं बाई!" म्हणाली आणि पान चघळत गप्प बसली.

दीरसाहेब होडीतच बसून राहिले. रानात जळवा असतात ना!

बायकांनी कडेकडेचं रान सपासप काढलं. बुंध्याजवळ मात्र एकेकीचे हात थांबले. पडलेल्या माणसाच्या जागेला परक्याने पातं लावू नये. मुकादम ओरडत राहिला, कुणी हलेना. मग मी पुढे झाले. वेली तोडल्या, काटे काढले, भिंतींसारख्या उभ्या मुळांमधला पाला हाताने उपसला. वाटलं होतं, तिथे काहीतरी असेल. नुसती माती होती. मी तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ बसले. मुकादमाला वाटलं, म्हातारी दमली.

संध्याकाळी ओसरीवर जेलियान छाती काढून उभा राहिला. "बुंधा मोकळा झालाय. झाड माझं."

"कुणी केला?" मी विचारलं.

"मी! माणसं माझी, पैसा माझा."

"माणसं नि पैसा राहू दे. कोयता कुणाचा?"

न्यांडांगकाकांनी आता मान वर केली. "हात दाखव, जेलियान." त्याने दाखवले. लोण्यात बुडवून काढल्यासारखे हात. पोरंसुद्धा हसली.

सुबांगने पिंक टाकली. "बुंध्याला आम्ही नाही हो शिवलो. पडलेल्याची जागा ती. लुयांगची आई एकटीच शिरली."

जेलियान लाल झाला. "तू? माझ्या रोजावर? माझं जेवण जेवलीस की गं!"

"जेवले. भात कच्चा होता."

"ही फसवणूक आहे, काका!"

"तूच बोलावलंस, तूच कोयता चालवायला लावलास," न्यांडांगकाका म्हणाले. "झाड तिचं. माळा दुसरीकडे टांग."

तो ताडताड शिडीपर्यंत गेला आणि वळला. "ठीक आहे. पण बुंधा दरवर्षी मोकळा लागतो, वहिनी. एका वर्षी जरी रान माजलं तरी मी आलोच म्हणून समज. आणि पुढच्या वेळी कोयता मी स्वतः चालवीन."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. ज्या जागेचं तोंड बघायचं नाही म्हणून मी भांडले, ती आता दरवर्षी मलाच माझ्या हातांनी उघडी करायची होती. पण त्याच्यासमोर रडेन ती मी कसली!

"ये की," मी म्हटलं. "बूट काढून ये पण. तिथे तुझा भाऊ पडलाय."