सगळ्यांत खालचा सूर

सकाळच्या तालमीत बासवाल्याने तिसऱ्यांदा माती खाल्ली, तेव्हा दुसऱ्या रांगेत व्हायोलिन घेऊन बसलेल्या त्याच्या ताईने कपाळाला हात लावला. तिच्याच शब्दावर त्याला इथे घेतलं होतं.

काम साधं होतं. मधोमध सगळा वाद्यवृंद थांबणार, याने माणसाएवढ्या उंच डबल बासवर मनाला येईल ते वाजवायचं आणि झालं की जाड तारेवरचा सगळ्यांत खालचा सूर द्यायचा. त्या खुणेवर सत्तर जण तुटून पडणार. पण वीस वर्षं जॅझ वाजवलेल्या माणसाला तो सूर म्हणजे घरची खुर्ची. सुचेनासं झालं की टेकला तिथे! आणि टेकला की सत्तर वाद्यं अंगावर.

"खूण बदलू या ना," तो गयावया करत म्हणाला.

"सगळ्यांच्या कागदावर तीच आहे. ऐन वेळी निम्मे विसरतील," कंडक्टरबाई म्हणाल्या. "दुपारच्या कार्यक्रमात पुन्हा असं झालं, तर उद्यापासून मी लिहून देईन तेवढंच वाजवायचं."

आजवर हॉटेलांत तो वाजवायचा आणि लोक जेवायचे. भरलेलं सभागृह फक्त त्याच्यासाठी गप्प बसणार, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दुपारी त्याने जाड तारेला हात लावायचा नाही असं ठरवलं. सुरुवात अगदीच मिळमिळीत झाली. मग एक चाल सापडली, ती त्याला ओढत खाली घेऊन गेली आणि बोट नको तिथेच पडलं. सूर घुमला. गेलं सगळं, असं मनाशी म्हणत त्याने मान खांद्यांत ओढून घेतली.

काहीच झालं नाही. कुणी हललंसुद्धा नाही.

मग मात्र गडी सुटला. तो सूर आणखी चारदा घेतला, रेंगाळला, वर चढला आणि एका बारीकशा सुरावर थांबला. खूण द्यायचं भानही राहिलं नाही. तरी त्याच क्षणी सत्तर वाद्यं उसळली.

पडद्यामागे त्याने विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"मला कुठे कळलं? मी तुमच्या ताईंकडे बघत होते, बाकीचे माझ्या हाताकडे," बाई म्हणाल्या. "खालच्या सुराकडे लक्षच द्यायचं नाही, तुमचं संपलं की त्या मान हलवतील, असं जेवणाच्या सुट्टीत ठरवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तेच डोक्यात घेऊन बसला असता."

त्याचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. तो ताईकडे वळला. "पण ताई, तुला तरी कसं—"

"चाळीस वर्षं तुझं बोलणं कधी संपतंय याची वाट बघतेय मी," व्हायोलिन पेटीत ठेवत ताई म्हणाली. "मला नाही कळणार तर कुणाला?"