धोंडूआजोबांचं नाव यादीत नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनं मतदार ओळखपत्र. कडा उचकटलेल्या, वरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. माझ्यावर फोटो आहे धोंडू राणे यांचा, पण इतका काळाकुट्ट छापलाय की त्यांची सून अक्षता विचारते, बाबा, हा फोटो तुमचा की तव्याचा? हसा, हसा! मला सवय आहे.

धोंडूआजोबा पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडली, तसे दिंडोशीच्या चाळीत आले. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, मला वरच्या खिशात ठेवून ते सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहायचे. केंद्राकडे बोट करून म्हणायचे, "गिरणीत आमका कोणी इचारूक नाय. हयसर इचारतत."

गेल्या गणपतीला नेहमीसारखी अख्खी चाळ कुलपं लावून कोकणात गेली. नेमकी त्याच आठवड्यात यादी तपासायला माणसं आली. कुलपं बघितली, 'स्थलांतरित' असा शेरा मारला आणि गेली. पुन्हा येण्याची तसदी कोणी घेतली नाही. सगळ्या चाळीची नावं उडाली आणि कोणाला पत्ताही लागला नाही. शेजारची रुचिरा मतदानाआधी सांगत होती, आजोबा, यादीत नाव बघून घ्या. आजोबांनी खिशावर थाप मारली. कार्ड आसा मां, म्हणाले. मलाही तेव्हा केवढी ऐट वाटली! मेली कसली ती ऐट!

मतदानाच्या दिवशी शाळेतल्या केंद्रावरच्या बाईंनी यादी तीनदा चाळली. मग हळूच म्हणाल्या, "आजोबा, कार्ड खरं आहे. पण यादीत नाव नाही. मत देता येणार नाही."

आजोबांनी माझ्या फोटोवर बोट ठेवलं. "मगे हो कोण?"

बाईंनी यादी मिटली. मागे रांग खोळंबली होती. आजोबा बाजूला झाले आणि शाळेच्या पायरीवर बसून रडले. मला फार लाज वाटली. माझ्याच भरवशावर राहिले होते ना ते!

रुचिरा मात्र गप्प बसली नाही. घरोघरी जाऊन तिने अर्ज भरून घेतले, कचेरीत खेटे घातले, साहेबांशी भांडली. चार महिन्यांनी नावं परत आली. अक्षताने मोबाइलवर दाखवलं, तेव्हा आजोबांनी विचारलं, पुढचं मतदान कधी? ती म्हणाली, तीन वर्षांनी. आजोबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "तुज्याकडेच ठेव," म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारखं कार्ड घरात आहे म्हणून गाफील राहू नका. घरातल्या सगळ्यांचं नाव यादीत आहे का, ते वेळेत बघा. रुचिराने नाव परत आणलं, पण तो दिवस काही तिलाही परत आणता आला नाही.