पिल्लांखालचा कागद

गल्लीत मला माझ्यामागे ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचा कधी राग आला नाही. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टर म्हणून झाली. कपाटावरून बोट फिरवून धूळ बघायची सवय निवृत्त झाल्यावर थोडीच सुटते? आमचे हे म्हणतात, तू वर गेलीस तरी आधी तिथल्या खिडक्या तपासशील.

त्यामुळे विहीणबाईंनी कोंबडीची पिल्लं पाठवली तेव्हा मी लगेच वॉर्डाचा ताबा घेतला. विहीणबाई घरीच यंत्रात अंडी उबवतात आणि पिल्लं विकतात. व्याही सुतार आहेत. ताजी अंडी मिळाली तर किती बरं, असं मी कधीतरी सहज म्हटलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवून माझ्या मुलाबरोबर खोकंभर पिल्लं धाडली. कालच अंड्यातून बाहेर आलेली, हातात घेतली तर वजनच लागू नये अशी.

मागच्या खोलीत आम्ही पिल्लांना ऊब द्यायला ब्रूडर केला. पत्र्याचं गोल कडं, वर टांगलेला बल्ब. पिल्लं बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढू लागली की बल्ब खाली घ्यायचा, कडेला पळून धापा टाकू लागली की वर. पाण्याच्या बशीत मी खडे टाकले, म्हणजे कुणी बुडायला नको. काहींच्या मागे घाण चिकटून वाट बंद झाली होती, ती कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसली, अंग कोरडं केलं. खाली अंथरायला सूनबाईने माझ्या जुन्या मासिकांची गुळगुळीत पानं घेतली. पान मळलं की उचलायचं, दुसरं घालायचं.

“याला म्हणतात स्वच्छता,” मी म्हटलं.

सूनबाई लाजली. माझ्याकडून पाठ थोपटून घ्यायची तिला सवय नाही, आणि मलाही नाही.

मग पिल्लांचे पाय बिघडू लागले. आधी एकाचे, मग त्याच्या शेजारच्याचे. उभं राहायला जावं तर दोन पाय दोन दिशांना सरकायचे, आणि पिल्लू पोटावर बसायचं. तसंच वल्ही मारल्यासारखं पुढे घसटत जायचं. पाण्यापर्यंत पोचायचं नाही. बाकीची त्याला खुशाल तुडवून जायची. मी एकेकाला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि निदान करून टाकलं: जन्मजात. उबवणीतच काहीतरी चुकलेलं.

निदान करून गप्प बसले असते तर मी कसली?

“तुझ्या आईने निवडून निवडून लंगडी पाठवलीत,” मी सूनबाईला म्हटलं. मग मी समोरच्या टेलरबाईंकडे गेले. त्या विहीणबाईंकडून बरीच पिल्लं घेणार होत्या. त्यांच्या बहिणीला, नणंदेला, सगळ्यांनाच हवी होती. “घ्यायच्या आधी विचार करा बाई,” मी म्हटलं, “आमच्याकडे आलीत ती बघून जा.” त्या येऊन बघून गेल्या आणि नकोच म्हणाल्या. शेवटी मी विहीणबाईंना फोन लावला आणि वॉर्डबॉयला झापावं तसं झापलं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, “उद्या येते.”

आल्या त्या चपला काढून सरळ मागच्या खोलीतच. पाणीसुद्धा घेतलं नाही. ब्रूडरशी उकिडव्या बसल्या. बल्बकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी बोट टेकवून कागदावरून सरकवून पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. सूनबाई दाराच्या चौकटीला नख लावून उभी होती, मान खाली.

“माझंच चुकलं, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “यंत्राची उष्णता कमीजास्त झाली असणार. दुसरी देते.”

“मी तेच म्हणत होते,” मी म्हटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

“ही सुधारतात का बघू. चिकटपट्टी असेल ना तुमच्याकडे?”

चिकटपट्टी नाही असं माझ्या घरात कसं होईल? त्यांनी तिची बारीक पट्टी कापली, एका पिल्लाचे दोन्ही पाय जवळ आणून मध्ये बोटभर अंतर ठेवलं आणि पट्टीने बांधले. पिल्लू डुगडुगलं, तोंडावर आपटलं, आणि मग चक्क उभं राहिलं. इतक्या वर्षांत मी किती हातपाय बांधले असतील, पण हे मला सुचलं नव्हतं.

“आता यांना पायाखाली जरा खरखरीत काहीतरी हवं,” त्या म्हणाल्या. “जुनं गोणपाट असलं तरी चालेल.”

मी बघते म्हणून शेजारच्या अडगळीच्या खोलीत गेले. जुन्या गादीमागे हात घातला तर भरलेलं पोतं लागलं. ओढून पाहिलं. तोंड निळ्या दोऱ्याने शिवलेलं, कोपऱ्यावर फुलाफुलांचं ठिगळ. पोतं मी ओळखलं. यातूनच मागे विहीणबाईंनी भोपळे पाठवले होते. टाका उसवून आत हात घातला. रंध्याने निघतो तो लाकडाचा भुसा, पातळ कुरळ्या चिपांचा. धूळ एवढीसुद्धा नाही. कुणीतरी तो चाळला होता, उन्हात वाळवला होता, पिल्लांच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून. पिल्लांबरोबरच आलेला, आणि माझ्या नजरेला पडू नये म्हणून इथे दडवलेला.

मधली भिंत फळ्यांची आहे. पलीकडचं कुजबुजलेलंही ऐकू येतं.

“आई, तू खोटं का बोललीस?”

“हळू बोल.”

“कागद मी घातला. भुसा मीच दडवला. ते पोतं बघून त्या पुन्हा काहीतरी बोलल्या असत्या. मला नाही ऐकवत गं तुझ्याबद्दल.”

“मला माहीत आहे.”

“तुझं गिऱ्हाईक गेलं.”

“दुसरं येईल. मी काय, आत्ता निघून जाईन. तुला इथे राहायचंय.”

मी तिथेच त्या गादीवर बसले. लाज वाटली म्हणजे काय होतं हे मला या वयात नीट कळलं. कान तापले, हात गार पडले. ज्या बाईला मी फोनवर झापलं ती माझ्या घरात, माझ्यापासून आपल्या लेकीला वाचवत होती. जणू मी एखादी साथ होते आणि ही पोर तिच्यात अडकली होती. आणि मी मघाशी म्हटलं होतं, मी तेच म्हणत होते.

बाहेर टेलरबाईंचा आवाज आला. विहीणबाई आल्याचं गल्लीला कळलं होतं आणि पुढचं बघायला त्या हजर होत्या. “काय, लंगडी परत घेऊन चालल्यात वाटतं?”

मी पोतं उचललं आणि बाहेर आले. उसवलेल्या तोंडातून चिपा सांडत होत्या, माझ्या पुसलेल्या फरशीवर.

“लंगडी कुणी दिली नव्हती,” मी म्हटलं. “धडधाकट दिली होती. मी त्यांना गुळगुळीत कागदावर ठेवलं. त्यावर पाय टिकेना, म्हणून फाकले. खाली घालायला हा भुसा विहीणबाईंनी पाठवला होता. तो आत पडून राहिला, तो माझ्यामुळे.”

सूनबाईने एकदम मान वर केली. “अहो आई, कागद तर...”

“कागद माझ्या मासिकांचा होता की नाही? छान आहे असं मी म्हटलं की नाही? मग गप्प बस.”

टेलरबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “म्हणजे तुम्हालाच कळलं नाही? इन्स्पेक्टरांना?”

“नाही कळलं. तुम्ही पिल्लं यांच्याकडूनच घ्या आणि हे गल्लीत सगळ्यांना सांगा.”

सांगायला तर त्या तयारच होत्या. एवढी मोठी बातमी हातात पडल्यावर त्या चहालाही थांबल्या नाहीत. विहीणबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी दुसरं पिल्लू उचललं आणि माझ्यापुढे धरलं. “याचे पाय जवळ धरा. दाबू नका.” मी धरले. त्या पट्टी बांधत गेल्या, मी धरत गेले, सूनबाईने कागद काढून भुसा पसरला. चिपांवर सोडलेलं पिल्लू जरा अडखळलं, आणि बशीपाशी जाऊन पाणी प्यायलं.

निघताना विहीणबाईंनी रिकामं पोतं झटकलं. “हे नेते. पुन्हा उपयोगी पडेल.”

त्यांच्या हातून ते घेऊन सूनबाई घडी करू लागली. त्या ठिगळावरून तिचा हात दोनदा फिरला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “कशाचं आहे गं हे कापड?”

“माझा शाळेतला पहिला फ्रॉक,” ती म्हणाली.

मला भोपळे आले तो दिवस आठवला. घरात पाहुणे होते. मी ते पोतं सगळ्यांसमोर उभं धरलं होतं आणि म्हटलं होतं, बघा, विहीणबाईंचं पोतंसुद्धा फुलाफुलांचं झबलं घालून, नटूनथटून आलंय, याच्यासाठी आता एखादं स्थळ बघायला हवं. पाहुणे खो खो हसले होते. सूनबाई सगळ्यांत मोठ्याने हसली होती, आणि मला वाटलं होतं, पोरगी खिलाडू आहे.

मी तिच्या हातून पोतं घेतलं. माफी मागायची होती. जन्मभर तोंडाचा पट्टा चालवला, पण तेवढे दोन शब्द काही सापडेनात. दोन्ही हातांनी ते विहीणबाईंपुढे धरून मी एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळीही यातूनच पाठवा.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पायांत चपला सरकवल्या.