माझा पाय आणि सुपडूची बकरी

मित्रांनो, माझे वय विचारू नका, ते मलाही नीट ठाऊक नाही. माझी पाठ एकेकाळी तांबूस होती, आता ती वापरलेल्या पोळपाटासारखी काळवंडली आहे, यावरून काय ते समजा. मी डबल बास आहे. व्हायोलिन तुम्ही पाहिले असेल. मी त्याच घराण्यातला, पण उंची दाराच्या चौकटीला लागणारी आणि आवाज रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. दोंडाईच्याला आलो तेव्हा लोक मला सारंगीचा आजोबा म्हणाले. मी रागावलो नाही. आजोबांना निदान मान तरी मिळतो.

माझा जन्म दूर समुद्रापलीकडे झाला. ज्या कारागिराने मला घडवले तो दर थोड्या वेळाने माझ्या पोटावर बोटाने टकटक करी आणि कान लावून ऐके. सगळे झाल्यावर त्याने माझ्या बुडाला एक भोक पाडले आणि त्यात एक लोखंडी दांडा बसवला. तोच माझा पाय. तो हवा तेवढा बाहेर ओढायचा आणि स्क्रू आवळायचा. उंच माणसासाठी पाय लांब, बुटक्यासाठी आखूड. पुढे माझ्या आयुष्यात जे रामायण घडले ते सगळे या पायामुळेच.

माझे तरुणपण भुसावळला रेल्वेच्या क्लबात गेले. तिथे पेरेरा मास्तर मला वाजवीत. ते गाडीवर गार्ड होते, आणि ड्यूटीवरून आले की कोट खुंटीला लावून सरळ माझ्याकडे येत. वाजवताना ते कसे उभे राहत म्हणून सांगू! पायांत थोडे अंतर, गुडघे सैल, खांदे उतरलेले. मला ते हलकेच आपल्याकडे झुकवून पोटाच्या डाव्या बाजूला टेकवीत. त्यांच्या डाव्या हाताला मला सांभाळावे लागत नसे, तो फक्त तारा दाबी. उजवा हात जिथे सहज पोचे, तिथेच तारा छेडल्या जात. तासभर वाजवूनही मास्तर ताजेतवाने. शिकणाऱ्यांना ते सांगत, "वाद्याने आपल्याकडे यायचे. आपण वाद्याकडे वाकायचे नाही."

मास्तर निवृत्त होऊन गोव्याला निघाले, तेव्हा दोंडाईच्याचे कापड व्यापारी मिश्रीलालशेठ पाहुण्यांच्या लग्नासाठी भुसावळला आले होते. शेठजींना गाण्याचा भारी नाद. दुकान बंद झाले की मागच्या पडवीत गादीवर पेटी घेऊन बसत आणि गावातली गाणारी मंडळी भोवती जमे. क्लबात त्यांनी मला दुरून, लोकांच्या डोक्यांवरून ऐकले आणि हट्टच धरला. मास्तरांनी मला आनंदाने त्यांच्या हवाली केले आणि बजावले, "शेठजी, हा उभ्याने वाजवायचा, आरामात." शेठजींनी 'उभ्याने' तेवढे लक्षात ठेवले. 'आरामात' भुसावळच्या फलाटावरच राहिले.

मला गोणपाटात शिवून गाडीत चढवले. दोंडाईच्याला स्टेशनवरून दुकानात नेले ते सुपडूने. सुपडू हा शेठजींचा हमाल. अहमदाबादहून कापडाच्या गाठी येत त्या गोणपाटात शिवलेल्या आणि वरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या असत. गाठ फोडताना आधी लोखंड बाजूला काढायचे, म्हणजे माल फाटत नाही, हा सुपडूचा नेम. ते लोखंड मग त्याचे. त्याच्या घराची कडी, कोयंडा, चुलीवरची जाळी, सगळे गाठींच्या पट्ट्यांचे होते.

माझ्याही गोणपाटातून खाली लोखंड डोकावत होतेच. "आधी लोखंड काढ, मंग माल देख," असे पुटपुटत त्याने स्क्रू सैल केला आणि माझा पाय सर्रकन ओढून घेतला. मी कळवळलो हो! पण मला छेडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि सुपडू काही मला छेडणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी पडवीसमोरच्या अंगणात माझा पाय जमिनीत ठोकलेला होता आणि त्याला सुपडूची बकरी बांधली होती. आता रोज संध्याकाळी ती माझ्या पायाला अंग घासायची आणि मी समोरून बघत बसायचो.

मला वाजवायला पुढे आला झुलाल. तो दोंडाईच्याचाच शेतकरी, गळा आणि बोटे दोन्ही सुरेल. पण उंच इतका की पडवीत शिरताना वाकावे लागे. बिनपायाचा मी जमिनीवर टेकलेला, म्हणजे त्याच्या मानाने बुटका. बिचारा कमरेत वाकून, मान खाली घालून, एका हाताने मला सावरत वाजवी. मंडळींना वाटे, हे वाद्य वाजवायची रीतच अशी असेल. शेठजी कौतुकाने म्हणत, "बघा, झुलालभाऊ कसा तल्लीन होऊन वाकतो!" मी मनात म्हणे, शेठजी, तल्लीन नाही, तो मोडतो आहे.

आमची मंडळी गाजू लागली. लग्नात, जत्रेत, पिंपळनेरच्या बाजारातसुद्धा आम्हाला बोलावणे येई. पण झुलालची कंबर दर महिन्याला वाईट होत गेली. कोणी तेल चोळायला सांगितले, कोणी निर्गुडीचा शेक. शेठजींनी धुळ्याहून कातडी पट्टा आणून दिला. त्याने फरक एवढाच पडला की झुलाल पट्ट्यासकट वाकू लागला. निंदणीच्या दिवसांत तर त्याला शेतात बसताही येईना.

श्रावण आला. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. भाऊबंद गोळा होतात, रोटांचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी बाया देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीकडे निघतात. मिरवणूक शेठजींच्या दुकानासमोर आली की आम्ही ओट्यावरून वाजवायचे, असे ठरले होते. कानबाई समोर असेपर्यंत वाजवणाऱ्याने बसायचे नाही, थांबायचे नाही, असा आमच्या मंडळीचा शिरस्ता. आदल्या आठवड्यात झुलाल भिंतीला धरत धरत आला.

"शेठजी, मना जीव येनामा शे," माझ्या मानेवरून हात फिरवत तो म्हणाला, "पन मनी कंबर ऐकस नही. आते मी सोडी देस."

शेठजींचे तोंड उतरले. मला वाजवणारा दुसरा कोणी त्या गावात नव्हता. झुलालने सोडले की माझी रवानगी माळ्यावर, रिकाम्या गोणपाटांत, हे मला कळून चुकले. आणि खरे सांगतो, मित्रांनो, माळ्यापेक्षा मला झुलालचे जास्त वाईट वाटत होते. त्याचे डोळे भरून आले होते आणि माझा पाय समोर बारा हातांवर बकरी चाटत होती.

तेवढ्यात झुलालची बायको यशोदाबाई त्याला न्यायला आली. ती आली ती तावातावानेच. "बठ्ठं गाव कानबाईना पाया पडी, आनि मना घरना मानूस बाजवर आडा पडेल ऱ्हाई! शेठजी, तुमनं हाई भुसावळनं भूत तुमीच सांभाळा!"

तिने झुलालच्या हातून मला काढून घेतले आणि पडवीत आडवे केले. रागावली होती, पण आपटले नाही, हे तिचे उपकार. मग दम खायला ती माझ्या पायथ्याशी बसली. तिची नजर माझ्या बुडाकडे गेली. तिने भोकात बोट घालून पाहिले.

"याले भोक कसानं शे?"

"आवाज निंघासाठे व्हई," दाराशी उभा असलेला सुपडू म्हणाला.

"आवाजना भोकं त वर पोटवर शेत. हाई बुडले शे." जन्मभर जात्यावर दळणारी बाई ती. "खुटा नही त जातं कसं फिरी? याना बी खुटा कोठे तरी व्हईच. कोठे शे तो?"

 सुपडू आधी माझ्याकडे, मग अंगणाकडे पाहू लागला. 

"तो... तो बकरीपाशी शे," तो हळूच म्हणाला. "मी समजनू, गाठनं लोखंड शे."

मग काय विचारता! सुपडूने खुंटी उपटली. सुटलेली बकरी थेट शेठजींच्या गादीवर चढली आणि पेटीवरून चारही पायांनी चालून गेली. शेठजी ओरडले, झुलाल कंबर धरून हसला, आणि यशोदाबाईला राग आवरावा की हसू, तेच समजेना. माझा पाय राखेने घासून, रॉकेलने पुसून पुन्हा माझ्यात बसला. झुलालने तो थोडा बाहेर ओढला, आणखी थोडा ओढला, आणि माझ्या मानेचे वरचे टोक त्याच्या कपाळाशी आले तेव्हा स्क्रू आवळला. मी आपसूक त्याच्याकडे झुकलो आणि त्याच्या पोटाला टेकलो. त्याचा डावा हात मोकळा झाला. खांदे खाली आले. पाठ सरळ झाली.

त्याने एक तार छेडली आणि शेठजींनी कपाळावर हात मारला. "अरे, मास्तर आरामात म्हणाले होते! उभ्याने, आरामात!"

कंबर काही एका दिवसात बरी झाली नाही. पण तिचे दुखणे वाढायचे थांबले. कानबाईच्या दिवशी झुलाल ओट्यावर ताठ उभा राहून वाजवत होता. देवी यशोदाबाईच्याच डोक्यावर होती. ओट्यासमोर बायांनी फुगड्या धरल्या, त्यामुळे मिरवणूक किती तरी वेळ हललीच नाही, आणि मी मनात म्हटले, खेळा बायांनो, आज हवे तेवढे खेळा. निघताना यशोदाबाईने वर पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "देख, मना मानूस कसा उभा शे, नवरदेवना मायक!"

पुढची वर्षे छान गेली. जळगाव पाहिले, धुळे पाहिले, चोपड्याच्या केळीवाल्यांची लग्ने वाजवली. मग कर्णे आले, तबकड्या आल्या, आणि मी शेवटी माळ्यावर गेलोच. उंदरांनी माझी एक तार कुरतडली. पण झुलालनेच मला खाली काढले. आता तो दोंडाईच्याच्या मुलामुलींना माझ्यावर शिकवतो. केस पिकले आहेत, पाठ मात्र सरळ आहे. सुपडूही कधी येऊन बसतो. त्याच्या बकरीच्या नातवंडांना बाभळीची खुंटी आहे.

मित्रांनो, एक मागणे आहे. आम्हा जुन्या वस्तूंना नुसते पुसून ठेवू नका. कशाने आम्ही उभ्या राहतो ते शोधा आणि जपा. आणि तुमच्याजवळचे कोणी वाकून, कण्हत काम करीत असेल, तर त्याच्या कमरेला पट्टा बांधण्याआधी अंगणात एक चक्कर मारा. झुलालही नव्या मुलाच्या हाती मला देताना आधी आडवे करतो, बुडाशी हात लावतो आणि विचारतो, "पाय शे ना?"

आहे, झुलालभाऊ. आहे.