पठाराने ऐकलेला निरोप

"दोन्या एदुविना! बाई, तुम्ही इथे कशा?"

शेजारचा आबेलिनो घोड्यावरून उतरायचंच विसरला. हातात रिकामी बादली.

"मग कुठे असणार? या वयात नाचायला जाऊ?" एदुविना हसली. "उतर, माते चहाचं पाणी तापतंय. बादली कशाला?"

"तुमच्या शेळ्यांना पाणी पाजायला."

"का? माझे हात मोडलेत?"

तो उतरला. टोपी काढून हातात धरली.

*

रेडिओ. पठारावरच्या घरांसाठीचे परवा संध्याकाळचे निरोप. शेवटचा:

पिएद्रा सोलाच्या एदुविना यांना. सेगुंदो यांची तब्येत खालावली आहे. ते तुम्हाला बोलावत आहेत. उद्या दुपारी दवाखान्याची गाडी फाट्यावर थांबेल. निघून यावे.

निवेदिकेने तो रिवाजाप्रमाणे दोनदा वाचला. सगळ्या पठाराने ऐकला.

*

फक्त एका घराने नाही.

आजारी नवऱ्याला, सेगुंदोला, शहरात नेल्यापासून एदुविना दारावरचा दिवा रात्रभर जळता ठेवायची. म्हातारा अवेळी परतला तर त्याला लांबून घर दिसावं. छपरामागची पवनचक्की गरगरत होती तोवर निभावलं. मग, एरवी माणसाला धड उभं राहू न देणारा तो वारा पडला तो पडलाच. बॅटरी उतरली. दिवा गेला, रेडिओ मुका झाला.

*

"वाऱ्याने दगा दिला बघ," ती माते पुढे करत म्हणाली. "रेडिओवर आमच्या म्हाताऱ्याचं काही आलं का रे?"

आबेलिनोने पेला घेतला नाही. "परवा रात्री तुमचा दिवा दिसला नाही. बायको म्हणाली, निरोप ऐकून निघाल्या वाटतं. सगळ्यांनाच तसं वाटलं, दोन्या."

"कसला निरोप?"

त्याने सांगितला.

ती तडक उठली. खुंटीवरची शाल ओढली. "मग बसलास काय? घोडा दे. गाडी गेली तर जाऊ दे, फाट्यावर दुसरं काहीतरी मिळेल."

तो टोपीची कड चाचपत राहिला.

"आज सकाळी दुसरा निरोप आला. आता घाईचं काही राहिलं नाही, दोन्या."

शाल तिच्या हातातच राहिली. तिने विचारलं, "नाव पूर्ण घेतलं का त्यांनी?"

"पूर्ण. सेगुंदो न्यांकुफिल. दोनदा."

"बरं केलं."

दुपार कलली तसा वारा सुटला. पाती कुरकुरली, मग फिरू लागली. थोड्या वेळाने दारावरचा दिवा भर उन्हात लागला. बटण चालूच राहिलं होतं. आबेलिनो ते बंद करायला उठला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याला आणतील ना आता."